अर्धी खोली, अर्धा तंबू : कुटुंबासाठी हायब्रिड ट्रेलर निवडताना

गाडीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घराच्या, म्हणजे ट्रेलरच्या, माहितीपत्रकात सगळ्यात ठळक छापलेला आकडा झोपण्याच्या सोयीचा असतो. 'आठ जणांसाठी.' डबा मात्र २१-२२ फुटांचा. त्यात संडास-बाथरूम, ओटा, फ्रिज, जेवायचं टेबल हे सगळं आलंच. मग आठ माणसं आडवी होतात कुठे? बाहेर!

हायब्रिड ट्रेलरची सगळी गंमत या एका शब्दात आहे. डबा पक्क्या भिंतींचा, पूर्ण उंचीचा, आत ताठ उभं राहता येईल असा. पण पुढच्या आणि मागच्या भिंतीत, कधी एका बाजूच्या भिंतीतही, एक मोठं दार असतं. ते पेटीच्या झाकणासारखं बाहेरच्या बाजूला खाली उघडतं आणि आडवं झालं की तेच पलंगाची फळी बनतं. वर धातूच्या कमानी उभ्या करायच्या, त्यावर तंबूचं कापड ताणायचं, कडेचे रबरी दोर खालच्या हुकांना अडकवायचे, की डब्याबाहेर लोंबकळणारी एक छोटी खोली तयार. निघताना गादी आत, कापड आत, दार बंद. रस्त्यावर तो पुन्हा साधा डबा.

ऑस्ट्रेलियात 'हायब्रिड' म्हटलं तर समोर वेगळीच वस्तू येते : खडबडीत रस्त्यांवर न्यायचा, छोटा, दणकट, टणक कवचाचा कॅराव्हॅन. इथे जो सांगतोय तो अमेरिका-कॅनडातला प्रकार. फॉरेस्ट रिव्हर कंपनीचे रॉकवुड रू आणि फ्लॅगस्टाफ शॅमरॉक, जेकोच्या जे फेदर मालिकेतली एक्स अक्षराची मॉडेलं, ही त्यातली परिचित नावं. रू आणि शॅमरॉक ही जवळजवळ जुळी भावंडं आहेत, त्यामुळे जुना ट्रेलर शोधत असाल तर दोन्ही नावांनी शोधा. नव्यांमध्ये पर्याय पूर्वीपेक्षा कमी झालेत. हलक्या बंकहाऊस ट्रेलरांनी, म्हणजे पक्क्या भिंतींच्या आत मुलांसाठी एकावर एक पलंग असलेल्या ट्रेलरांनी, त्यांची जागा बरीच घेतली आहे.

हायब्रिड घेणारा माणूस बहुतेक वेळा दोन बाजूंपैकी एका बाजूने येतो. एक तर तो पॉपअपला, छत वर उचललं की अर्ध्या भिंती कापडाच्या होणाऱ्या घडीच्या ट्रेलरला, कंटाळलेला असतो. त्याला भर रस्त्यात थांबून मुलांना बाथरूम वापरता यायला हवं असतं, कारण पॉपअप उघडल्याशिवाय आत जाता येत नाही. नाहीतर तो बंकहाऊस बघून आलेला असतो आणि आपली गाडी एवढं ओढणार नाही हे त्याच्या लक्षात आलेलं असतं. दोघांनाही हायब्रिड मधला मार्ग वाटतो. तो आहेच. पण कापडाने जे वाचवलं त्याची वसुलीही कापडच करतं, आणि ती कशी करतं हे विकणारा सहसा सांगत नाही.

दाराच्या खांबावरचा स्टिकर

ट्रेलर बघायला जाण्याआधी स्वतःच्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. खांबावर टायर आणि वजनाच्या माहितीचा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे पेलोड. बहुतेक लोक हा आकडा न बघता टो रेटिंग बघतात, म्हणजे गाडी किती ओढू शकते ते. माझ्या मते कुटुंबवाल्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

असं का? अमेरिकेत बहुतेक कंपन्या टो रेटिंग एसएई (वाहन-अभियंत्यांची संघटना) हिच्या जे२८०७ या ठरलेल्या चाचणी पद्धतीने काढतात. त्यात हलक्या गाड्यांसाठी ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पाउंड, एवढीच माणसं धरलेली असतात. मागच्या सीटवरची मुलं, त्यांच्या खुर्च्या, डिकीतला कूलर, छतावरच्या सायकली या हिशोबात नसतात. शिवाय ट्रेलर नुसता मागे येत नाही, तो हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, दाब देतो. या दाबाला टंग वेट म्हणतात आणि तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. हा दाब गाडीच्या पेलोडमध्ये धरायचा, ट्रेलरच्या खात्यात नाही.

एक हिशोब मांडून बघू. ट्रेलरचं कोरडं वजन ४,२०० पाउंड. कोरडं म्हणजे कारखान्यातून निघालं तेव्हाचं, पाणी आणि सामान नसलेलं. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की साधारण ३३० पाउंड वाढले. भांडी, अंथरुणं, खुर्च्या, पाण्याचे पाइप, कपडे, बॅटरी असं सगळं मिळून ६२० धरा. झाले ५,१५०. त्याचे १३ टक्के म्हणजे जवळपास ६७० पाउंड गाडीच्या पाठीवर. वजन वाटून देणारा हिच ९० पाउंडांचा. आई-वडील आणि दोन मुलं मिळून ४८०. गाडीतलं सामान १५०. बेरीज १,३९०. स्टिकरवर १,३०० असेल तर तुम्ही ९० पाउंडांनी वर गेलात. आता त्याच गाडीचं टो रेटिंग ६,५०० आहे असं समजा. त्या आकड्याकडे बघणाऱ्याला वाटेल की अजून १,३५० पाउंड शिल्लक आहेत!

वजन वाटून देणारा हिच यातला थोडा भार ट्रेलरच्या चाकांकडे परत ढकलतो, हे खरं. पण त्या भरवशावर ट्रेलर घेऊ नये. तो गाडीची पुढची चाकं रस्त्यावर नीट दाबून ठेवण्यासाठी असतो, पेलोड वाढवण्यासाठी नाही.

ट्रेलरवरही एक स्टिकर असतो. त्यावर जी.व्ही.डब्ल्यू.आर., म्हणजे भरून झालेलं कमाल वजन दिलेलं असतं. अमेरिकेत सामानाची क्षमता आणि भरलेल्या पाण्याचं वजनही वेगळं लिहिलेलं असतं. दोन ट्रेलर तोलताना कोरडी वजनं समोरासमोर ठेवू नका, कारण कोरडा ट्रेलर कोणीच कॅम्पिंगला नेत नाही. कमाल वजन धरून हिशोब केला आणि तो तरीही बसला, तर पुढे जा. घेतल्यावर एकदा, भरलेल्या अवस्थेत, ट्रकवाल्यांच्या थांब्यावरच्या काट्यावर चढवून बघा.

आता वाऱ्याचं. पॉपअपवरून हायब्रिडवर येणाऱ्यांचा अंदाज इथे चुकतो. पॉपअप रस्त्यावर गाडीच्या मागे लपून जातो. हायब्रिड लांबीने आखूड असला तरी उंचीने पूर्ण ट्रेलर आहे, म्हणजे वाऱ्यासमोर उभी केलेली भिंतच. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५५ मैलांऐवजी ६५ ने गेलात तर तो जवळपास ४० टक्क्यांनी वाढतो. म्हणून वजन बसत असूनही छोटी एसयूव्ही चढावर धापा टाकते आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादाही दिलेली असते. वजनाच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात असते, पण असते.

सामान भरण्याबद्दल बैलगाडी हाकणाऱ्याला काही सांगावं लागलं नसतं. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, पुढचं टोक वर उचलतं. ट्रेलरचंही तेच. मागच्या पलंगाखाली जड खोके टाकले, वर मागच्या बंपरवर सायकली टांगल्या, की हिचवरचा दाब कमी होतो. मग मोठा ट्रक शेजारून गेला की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. साधारण ६० टक्के भार चाकांच्या पुढे ठेवायचा. डोलणं सुरू झालंच तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका आणि स्टिअरिंगशी झटापट करू नका. अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा आणि ब्रेक कंट्रोलरची, म्हणजे ड्रायव्हरजवळ बसवलेल्या, ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. हा ब्रेक कंट्रोलर गाडीत नसेल तर तो आधी बसवून घ्यावा लागेल. या वजनाच्या ट्रेलरला त्याच्याशिवाय रस्त्यावर आणू नये.

कापडातली रात्र

उन्हाळ्यात कापडाचा पलंग म्हणजे चैन आहे. तिन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या की झाडांमध्ये झोपल्यासारखं वाटतं, आणि मुलांना तर तो किल्लाच वाटतो. पक्क्या भिंतींच्या ट्रेलरला हे कधीच जमणार नाही. पण त्या कापडाला थंडी अडवता येत नाही. आतला हीटर चालू ठेवला तरी ऊब कापडातून निघून जाते, हीटर सारखा चालू-बंद होत राहतो आणि त्याचा पंखा रात्रभरात बॅटरी खातो. वीज जोडलेली असेल तर ठीक, नसेल तर पहाटे दिवे मंद झालेले असतात.

गारवा वरूनच येतो असंही नाही. पलंगाची फळी हवेत अधांतरी असते, त्यामुळे पाठीखालून थंडी शिरते. गादीखाली चंदेरी फुगीर इन्सुलेशनचा पत्रा अंथरला की खूप फरक पडतो. कापडावर बाहेरून टाकायची चंदेरी आवरणंही मिळतात. ती उन्हात गरमी परतवतात, थंडीत थोडी ऊब राखतात आणि पहाटेचा उजेडही अडवतात. तो उजेड किती महत्त्वाचा आहे हे साडेपाचला उठून बसलेल्या लहान मुलाच्या आई-बापाला विचारा.

मग दव. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून पेलाभर पाणी हवेत सोडतो. चार माणसं, गार कापड आणि बंद खिडक्या असल्या की सकाळी छतावरून थेंब टपकतात. लोकांना वाटतं ट्रेलर गळतोय. गळत नसतो, तुमचाच श्वास परत येत असतो. थंडी असली तरी छताची झडप आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. आणि कितीही गारठलात तरी आतली शेगडी खोली गरम करायला पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आवाजही कापड अडवत नाही. शेजारच्यांच्या गप्पा तुम्हाला ऐकू येतात, तुमचं बाळ त्यांना. घरात कोणाची झोप सावध असेल तर त्याच्यासाठी आतल्या पक्क्या भागात जागा आहे का, हे नकाशा बघतानाच ठरवा. माझा साधा नियम आहे : जे पलंग कापडातले आहेत ते बाजूला ठेवून, सगळी दारं बंद असताना आत किती जण झोपू शकतात ते मोजायचं. टेबल पाडून दोघं, सोफ्यावर एक, असं काहीतरी निघतं. अंथरूण पाहून पाय पसरायचे तर खरं अंथरूण एवढंच. वादळी रात्र आली, उशिरा पोहोचलात, मुक्काम फक्त सहा तासांचा आहे, अशा वेळी हीच सोय कामाला येते.

आणि अस्वलं. हा विनोद नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिजच्या आर.व्ही. पार्कमध्ये, म्हणजे फिरत्या घरांच्या तळावर, फक्त पक्क्या भिंतींची वाहनं घेतात, तंबू आणि तंबू-ट्रेलर चालत नाहीत, कारण त्या भागात ग्रिझली अस्वलांचा वावर आहे. कॅनडात बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या लेक लुईस इथे कापडी भिंतीवाल्यांसाठी वेगळं कॅम्पग्राउंड आहे आणि त्याच्याभोवती विजेचं कुंपण आहे. उघडलेला हायब्रिड कापडी गणला जाऊ शकतो हे धरूनच बुकिंग करा, आणि पलंग मिटून राहिलेलं चालेल का हे आधीच विचारून घ्या. अस्वलांच्या मुलुखात तुमचं फिरणं जास्त असेल तर हायब्रिडचा विचार इथेच थांबवायला हरकत नाही.

बुकिंग करताना लांबीचाही घोळ होतो. २१ फुटांचा डबा उघडल्यावर पुढे-मागे साधारण पाच-पाच फूट वाढतो. पुढचा पलंग टंगच्या, म्हणजे गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्याच्या, वर येतो म्हणून तो फारसा अडत नाही, पण मागे झाड किंवा खांब असला की मागचा पलंग उघडतच नाही.

ओलं मिटणं

मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी पाऊस पडणार, हे धरूनच चला. कापड ओलं मिटावं लागतं. त्याने लगेच काही बिघडत नाही, पण घरी पोहोचल्यावर एक-दोन दिवसांत ते उघडून पूर्ण वाळवायला हवं, नाहीतर बुरशी धरते. बुरशीचे काळे ठिपके पुसून जात नाहीत आणि वास तर कापडाचाच होऊन बसतो. आम्ही एकदा 'शनिवारी बघू' म्हणून चार दिवस तसंच ठेवलं होतं, त्याची आठवण नाकाला अजून आहे.

यातून एक प्रश्न निघतो जो विकत घेताना कोणी विचारत नाही : ट्रेलर उभा कुठे राहणार? घराच्या दारात जागा असेल तर वाळवणं म्हणजे तासाभराचं काम. भाड्याच्या आवारात, गाड्यांच्या रांगेत दाटीवाटीने उभा करणार असाल, तर दोन्ही पलंग उघडायला जागाच मिळत नाही. अशांनी बंकहाऊसच बघावा, भले तो पाच फूट लांब असेना.

जुना घेताना

पक्क्या ट्रेलरला खिडक्या, दार, छताची झडप एवढीच भोकं असतात. हायब्रिडच्या भिंतींना दोन-तीन पलंगाएवढी भोकं आहेत आणि प्रत्येकाच्या कडेने रबराची पट्टी. उन्हाने ती पट्टी कडक होते, दबते, कोपऱ्यात फाटते, आणि पाणी आत शिरतं. ते समोर दिसत नाही, भिंतीच्या थरांमध्ये मुरतं. म्हणून जुना हायब्रिड बघताना इंजिनियर होण्यापेक्षा वैद्य व्हा. आधी वास घ्या. दार उघडल्यावर सुगंधी फवाऱ्याचा घमघमाट आला तर सावध व्हा. काहीतरी झाकलेलं असू शकतं.

पलंगाच्या दारांखालचे कोपरे टाचेने दाबा. जमीन मऊ लागली तर खालचं लाकूड कुजलंय. बाहेरून भिंतीवर तिरका उजेड पाडून बघा. फायबरग्लासला फुगवटे दिसले तर आतला थर सुटलाय, आणि ती दुरुस्ती किफायतशीर क्वचितच असते. कपाटांच्या आत, गाद्यांच्या खाली, छताच्या कडेला पाण्याचे तपकिरी डाग शोधा. ओल मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते दोन पिना टोचून सांगतं. छतावर चढायची परवानगी नसेल तर शिडीवरून तरी प्रत्येक जोडावरचं सीलंट बघा, भेगा पडल्यात का.

कापडासाठी दुपारी जा. पलंग उघडा, आत बसा, दारं-पडदे ओढून अंधार करा. टाचणीएवढी भोकं असतील तर ताऱ्यांसारखी चमकतील. चेन दोन-तीनदा ओढा. पारदर्शक खिडक्या ठिसूळ झाल्यात का ते वाकवून बघा. फाटकं कापड हा सौदा मोडण्याइतका दोष नाही, नवं शिवून घेता येतं. फक्त त्याचा खर्च किमतीतून उतरवा. कुजलेली जमीन मात्र कुठल्याही किमतीला घेऊ नका. आणि पलंगाच्या कडेला वजनमर्यादेची पट्टी असते, ती वाचा. दोन मोठी माणसं, उड्या मारणारं पोर आणि कुत्रा एकाच फळीवर येणार आहेत.

टायर बाहेरून कोरे करकरीत दिसतात, कारण ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभाच असतो. पण रबर वयाने म्हातारं होतं. बाजूवर डॉट या अक्षरांपासून सुरू होणारा क्रमांक शोधा. त्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही खोल असली तरी बदलायचे.

बाकीच्या गोष्टींवर विक्रेते तासभर बोलतात, पण त्या तुलनेने किरकोळ आहेत. फ्रिज गॅसवरही चालणारा जुन्या पद्धतीचा असेल तर ट्रेलर समतल उभा करावा लागतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला असेल तर त्याला चांगली बॅटरी लागते. वीज ३० अँपिअरची, म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि केसांचा ड्रायर एकत्र लावले की ब्रेकर पडतो. टाक्यांमध्ये संडासाच्या टाकीपेक्षा धुण्याच्या सांडपाण्याची टाकी आधी भरते, चार जणांच्या कुटुंबात तर हमखास. ती किती मोठी आहे ते बघा.

सौदा पक्का करण्याआधी विक्रेत्याला एकच विनंती करा : ट्रेलर पूर्ण मिटून द्या. मग त्याला बाजूला उभं राहायला सांगून घरातल्या दोघांनी तो उघडा. फळी खाली घ्या, कमानी लावा, बाहेर जाऊन दोर अडकवा, अंथरूण घाला. मग परत मिटा. पलंगाच्या उंच कोपऱ्यातला हुक तुमच्यातल्या बुटक्या माणसाच्या हाताला लागतो का, फळी एकट्याने उचलता येते का, मिटलेल्या अवस्थेत बाथरूमचं दार उघडतं का आणि फ्रिजपर्यंत हात जातो का, हे सगळं अर्ध्या तासात कळतं. जमलं तर पावसाळी दिवशी जा.